रश्शाची मुदत ठेव

सोलापूरची प्रत्येक वस्तू टिकाऊ असते असा आम्हा सोलापूरकरांचा एक साधा, विनम्र दावा आहे. चादर घ्या. मुलाच्या बारशाला आलेली चादर त्याच्या लग्नात पाहुण्यांच्या अंगावर घालता येते आणि त्यानंतर स्कूटर पुसायला ती आणखी पाचसात वर्षं सेवेत राहते. कडक भाकरी घ्या. ज्वारीची ही पापडासारखी भाकरी डब्यात घालून विसरून गेलात तरी महिन्या-दोन महिन्यांनी ती तुम्हाला ओळख दाखवते. शेंगाची चटणी तर गाडीने, बसने, विमानाने कुठेही जाते आणि जाईल तिथे आपलं तिखट राखून असते. आमचा उन्हाळासुद्धा टिकाऊ. फेब्रुवारीत येतो आणि जावयासारखा जूनपर्यंत हलत नाही. या सगळ्या टिकाऊ संसारात टिकत नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कोंबडीचा रस्सा.

त्यातून आमच्या घरचं वारांचं वेळापत्रक असं आहे की रश्शाला जगण्याची संधीच मिळू नये. कोंबडी रविवारी. सोमवार महादेवाचा, म्हणजे आमच्या गावात सिद्धेश्वराचा. त्या दिवशी स्वयंपाकघरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. म्हणजे रविवारच्या रश्शाला खरं भवितव्य मंगळवारी. आणि एप्रिल-मे महिन्यात, पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना, रविवार दुपारचा रस्सा मंगळवार सकाळपर्यंत पोचवणं हे काम एखाद्या वसुली अधिकाऱ्यालासुद्धा जमायचं नाही. सोमवार हा बँक हॉलिडे. व्यवहार बंद, पण आत व्याज चालू! ते व्याज कुणाच्या खात्यावर जमा होत असतं, ते पुढे सांगतो.

इतिहासकारांनी लढाया लिहिल्या, तह लिहिले, गाद्या आणि गादीवरची भांडणं लिहिली; पण या रश्शाकडे कोणी वळून पाहिलं नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस. इतिहास आमच्या अभ्यासक्रमात नव्हताच. पण सबंध आयुष्य जमा आणि खर्च या दोन बाजू जुळवण्यात गेल्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. रस्सा करणं ही जमेची बाजू, ती सोपी. जगाला घाम फुटला तो रस्सा ठेवण्यात.

करण्यापासूनच सुरुवात करू. आमच्याकडे मसाला पडण्याआधीचं जे कोंबडीचं पाणी, त्याला अळणी म्हणतात. अळणी म्हणजे बिनमिठाचं असं कोश सांगतो. घरोघरच्या अळणीत मीठ असतंच. हळद, मीठ, आलं-लसूण आणि कोंबडी, एवढाच त्यातला कारभार. लहान मुलं, म्हातारी माणसं, बाळंतीण, तापातून उठलेला, आणि 'मला आज भूक नाही' म्हणून दोन वाट्या पिणारा, या सर्वांचा अळणीवर पहिला हक्क. उरलेल्यात मसाला पडतो आणि त्याचा रस्सा होतो. आमच्या गावात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषा एका नळावर पाणी भरतात. कन्नडमध्ये कोंबडीला 'कोळी' म्हणतात आणि तेलुगूत 'कोडी'. कोकणातून बदलून आलेल्या एका साहेबांना शिपायाने सहज सांगितलं होतं, "आज आमच्या घरी कोळी शिजतोय." साहेब त्या दिवशी डबा न खाताच घरी गेले.

माझे मामा मोहोळ तालुक्यात असतात. त्यांच्या हातातल्या पिशवीतून आवाज यायला लागला की गावठी कोंबडी आली असं समजावं. पुढचं काम मामांचं आणि मामींचं. बाजारात दोन मिनिटांत मशीनमधून निघणारी कोंबडी वेगळी आणि परसात केलेली वेगळी. मामी पाणी तापवतात, पण खळखळ उकळू देत नाहीत. उकळत्या पाण्यात बुडवली की कातडी शिजते आणि पिसांबरोबर तीही सुटून येते. पिसं निघाली की वाळल्या चिपाडांच्या जाळावर कोंबडी फिरवायची, म्हणजे बारीक लव जळून जाते. मग हळद चोळून धुवायची. पाय टाकून द्यायचे नाहीत. गरम पाण्यात घालून त्यांचं साल ओढलं की ते मोज्यासारखं निघून येतं. शहरातली माणसं नेमके पाय टाकून देतात आणि मग 'रस्सा पाणचट का होतो' म्हणून विचारतात. रश्शाचा दाटपणा असतो पायात, मानेत, पंखात आणि पाठीच्या हाडांत. तिथल्या कूर्चेतून आणि सांध्यांतून जो चिकट पदार्थ सुटतो तोच तोंडाला ओठ चिकटवतो. मामी हा सगळा ऐवज वेगळ्या पातेल्यात, गार पाण्यात घालून, मंद आचेवर तीन-चार तास ठेवतात. वर आलेला फेस काढतात. उकळी फुटू देत नाहीत, नुसती हलू देतात. मध्येच मी झाकण काढून पाहिलं तर म्हणतात, "बापू, ती काय पळून जायची न्हाय आता."

या अळणीला मोठमोठ्या लोकांचा पाठिंबा आहे. आमच्या आयुर्वेदात तिला मांसरस म्हणतात, आणि चरकसंहितेने क्षीण झालेल्याला, आजारातून उठलेल्याला, बळ हवं असलेल्याला मांसरसाची मनापासून शिफारस केली आहे. चरकाचार्यांचं नाव घेऊन शाकाहाराचा उपदेश करणाऱ्यांना मी ही गोष्ट हळूच सांगतो. ते विषय बदलतात. हैदराबाद रस्त्याने उमरगा ओलांडलं की पुढे बसवकल्याण लागतं, म्हणजे जुनं कल्याणी. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९च्या सुमाराला, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. राज्य कसं चालवावं, हत्ती कसे पकडावे इथपासून सुरुवात करून महाराज 'अन्नभोग' या प्रकरणात शिरले आणि मग तिथेच रमले. मांस कसं कापावं, कसं भाजावं, आंबट काय घालावं, हिंग कधी घालावा. इतकंच काय, नदीकाठचे उंदीर कसे भाजावेत तेसुद्धा. ज्याच्या राज्यात आमचा सबंध मुलूख होता तो राजा चुलीपाशी उभा राहून टिपणं घेत होता, हे वाचून मला मामींच्या चुलीशी डोकावण्यात काही गैर वाटेनासं झालं.

त्याच बाराव्या शतकात तिकडे कैरोला मायमोनिडीझ नावाचे थोर ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ होऊन गेले. ते १२०४ मध्ये वारले. अशक्त माणसाला कोंबडीचं सूप द्यावं असं त्यांनीही लिहून ठेवलं आहे. तेव्हापासून ज्यू आया सर्दीवर कोंबडीचं सूप देतात. अमेरिकेत नेब्रास्कातल्या स्टीफन रेनार्ड नावाच्या डॉक्टरांनी आपल्या बायकोच्या आजीच्या पद्धतीचं सूप थेट प्रयोगशाळेत नेलं आणि २००० साली निबंध छापला. सर्दीत नाकाकडे धावत सुटणाऱ्या पांढऱ्या पेशी या सुपाने जरा मंदावतात, असं त्यांना काचेच्या नळीत दिसलं. नळीत दिसलं म्हणजे नाकात होईलच असं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बायकोच्या आजीचा शब्द खरा करून दाखवण्यासाठी प्रयोगशाळा कामाला लावणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

आणखी एक गंमत. 'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात खानावळीचा नाही, रश्शाचा आहे. फ्रेंच भाषेत 'रेस्टॉरंट' म्हणजे शक्ती परत आणून देणारा, मांस आटवून केलेला कढण. पॅरिसमध्ये १७६०च्या पुढच्या वर्षांत असा कढण विकणारी दुकानं निघाली. अशक्त लोक तिथे येऊन बसत आणि नाजूकपणे एकेक वाटी पीत. पुढे रस्सा बाजूला राहिला आणि पदार्थाचं नाव दुकानाला चिकटलं. म्हणजे आपल्याकडच्या 'शुद्ध शाकाहारी रेस्टॉरंट' या पाटीचा मूळ धात्वर्थ काय होतो, याचा विचार मी सहकुटुंब बाहेर जेवायला गेलो असताना करत नाही.

आता कुकर. गावठी कोंबडी शिट्ट्यांना दाद देत नाही हे खरं, पण कुकरचा जन्म हाडांसाठीच झाला आहे हे फार थोड्या गृहिणींना माहीत असतं. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला घट्ट झाकणाचं एक भांडं दाखवलं. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर तापतं आणि हाडंसुद्धा मऊ होतात, हे त्याचं म्हणणं. भांडं फुटू नये म्हणून त्याने त्याला वजनाची झडपही बसवली, म्हणजे आपली शिट्टीच! १६८२च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या मंडळींना त्याने त्यात शिजवलेलं जेवण घातलं. लोण्यासारखी झालेली हाडं खाऊन ती विद्वान मंडळी खूश झाली. पापँ मात्र पुढे लंडनमध्ये हलाखीत वारला. आपल्या देशात हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही कुकर १९५९ साली आले, आणि पापँने घडवलेली झडप अडीचशेहून अधिक वर्षांनी आमच्या वाड्यात शिट्ट्या मारू लागली.

हाडं मऊ झाली म्हणताना माणसाला हाव सुटली. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाडांतून जिलेटिन काढून दवाखान्यांतल्या गरिबांना त्याचं सूप पाजण्याची टूम काढली. मांस महाग, हाडं फुकट. सरकारला आणखी काय हवं? गरीब लोक कुरकुर करू लागले तेव्हा विज्ञान अकादमीने समिती नेमली. समितीने कुत्र्यांवर प्रयोग केले, चर्चा केली, आणि १८४१ साली माजांदी या शास्त्रज्ञाच्या हातचा अहवाल आला: नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. यात वर्षामागून वर्षं गेली होती. समित्यांचा हा वेग पाहून मला आपलेपणा वाटला. कारण आता कळलं आहे: शरीराला लागणारं ट्रिप्टोफॅन नावाचं एक द्रव्य जिलेटिनमध्ये नसतंच. म्हणून हाडांचं पाणी हे भाकरीबरोबर घ्यायचं, भाकरीऐवजी नाही. हल्ली पुण्या-मुंबईत हेच पाणी 'बोन ब्रॉथ' या नावाने बाटलीतून विकत मिळतं. ते पिणाऱ्यांनी भाकरी सोडलेली असते. असो.

इथवर जमेची बाजू झाली. आता खर्चाची.

माझी आजी रश्शाचं पातेलं रात्री निजताना एकदा उकळायची आणि पहाटे उठून पुन्हा एकदा. मध्ये झाकण काढायचं नाही, डाव बुडवायचा नाही, उष्टा तर लांबच. "पातेल्यात हवा गेली की रस्सा विटतो," असं ती म्हणायची. हा वाद आजीच्या आधी युरोपात शंभर-सव्वाशे वर्षं चालला होता आणि तोही रश्शावरूनच. १७४८ मध्ये नीडहॅम या इंग्रज पाद्र्याने मटणाचा गरम रस्सा कुपीत भरला, बूच लावलं, राखेत तापवला आणि ठेवून दिला. काही दिवसांनी त्यात जिवाणू वळवळू लागले. पाद्रीबुवा म्हणाले, पाहा, रश्शातून आपोआप जीव निर्माण होतो! इटलीच्या स्पालांझानीने १७६५ साली कुपीचं तोंडच वितळवून बंद केलं, मग ती चांगली पाऊण-एक तास उकळली, आणि आत काही उगवलं नाही. नीडहॅमचं बूचच कच्चं होतं. तरी भांडण मिटलं नाही. ते पुढे पाश्चरच्या काळापर्यंत चाललं. दरम्यान निकोला अपेर नावाच्या एका फ्रेंच आचाऱ्याने वादात न पडता शॅम्पेनच्या बाटल्यांत खाणं भरून, बूच मारून, बाटल्या उकळून काढल्या. त्यात मांसाचा कढणही होता. १८१० मध्ये सरकारने त्याला बारा हजार फ्रँक दिले. हवाबंद डब्यांचा सगळा धंदा त्यातून उभा राहिला. रस्सा का टिकला, ते अपेरला सांगता येत नव्हतं. आजीलाही येत नव्हतं.

ते सांगितलं १८७७ मध्ये जॉन टिंडाल याने. उकळल्याने जिवाणू मरतात, पण त्यांचे बीजाणू मरत नाहीत. ते कवच पांघरून पडून राहतात, सोलापुरी चादर पांघरल्यासारखे. गार झालं की उठतात, वाढायला लागतात. तेव्हा त्यांना उठू द्यावं आणि उठताक्षणी पुन्हा उकळावं. असं लागोपाठ केलं की सगळे संपतात. म्हणजे आजीने केलं तेच. टिंडालच्या नावाने ही पद्धत पुस्तकात आहे. आजीच्या नावाने फक्त एक जळकं पातेलं आहे. तरीही मी वाचकांना तेवढ्या भरवशावर राहू नका असं सांगेन. काही जंतू वाढताना असं विष सोडून जातात की नंतर कितीही उकळलं तरी ते विष जात नाही. कर्जदार पळाला तरी कर्ज खात्यावर राहतं, तसंच ते.

आणि वाढतात किती? इथे माझं वाणिज्य कामाला आलं. बरेचसे जंतू उबदार रश्शात वीस मिनिटांना दुप्पट होऊ शकतात. रात्री दहाला एक जंतू जमा आहे असं धरा. पहाटे पाचला, म्हणजे सात तासांत, एकवीस वेळा दुप्पट. उत्तर येतं २०,९७,१५२. मुद्दल एक रुपया! असं चक्रवाढ व्याज देणारी योजना कोणी काढली तर आमच्या काउंटरवर पोलीस बंदोबस्त लागेल.

जंतूंना रस्सा आवडतो हे शास्त्रज्ञांनी इतकं मनावर घेतलं की जंतू मुद्दाम वाढवायचे झाले तर ते रश्शातच वाढवू लागले. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत मांसाच्या कढणात जिलेटिन घालून थिजवत आणि त्यावर जंतू पेरत. उन्हाळ्यात ते वितळायचं. तिथे काम करणाऱ्या हेस नावाच्या डॉक्टरांची बायको फॅनी घरी मुरंबे-जेली करायची; त्या उन्हाळ्यातही थिजलेल्या असायच्या. 'आगर घाला,' ती म्हणाली. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून तिला ते कळलं होतं. १८८१-८२च्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हापासून जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा फॅनीबाईंच्या स्वयंपाकघरावर चालल्या आहेत. मामींचा रस्सा मे महिन्यात परसात कधीच थिजत नाही याचंही कारण हेच. आमची रात्रसुद्धा जिलेटिनला उबदार पडते.

आणि आता या इतिहासातलं आपल्या महाराष्ट्राचं पान. मराठी मुलखात शिजलेला सगळ्यात महत्त्वाचा रस्सा कोणता असं विचारलं तर कोल्हापूरकर पांढरा-तांबडा म्हणतील. माझं मत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या रश्शाला.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून निघाले आणि प्लेग त्यांच्याबरोबर घाट चढून वर आला. गावं ओस पाडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली. पुण्यात रँडचं प्रकरण घडलं ते १८९७च्या जूनमध्ये, ते याच प्लेगापायी. ऑक्टोबरमध्ये सरकारने वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ते मूळचे ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेले. आपल्या देशात पटकीची लस घेऊन १८९३ मध्येच आले होते. मुंबईत त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. शाखा उघडताना अजूनही साधारण एवढंच मिळतं. कामाच्या ताणाने एका सहायकाचं डोकं बिघडलं आणि दोघे सोडून गेले. कारकून टिकला असणार असं मी आपलं धरून चालतो.

प्लेगाचे जंतू भरपूर हवे होते आणि त्यासाठी रस्सा हवा होता. युरोपात तो गोमांसाचा करत. इथे गाईचा चालेना, डुकराचा चालेना. टोचून घेणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि लस कशाची केली आहे हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार होता. हाफकिन यांनी बकऱ्याच्या मटणाचा रस्सा केला. त्यावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले! मटणावर तूप घालणारा हा परदेशी माणूस माझ्या मामींना फार आवडला असता. कारण मात्र चवीचं नव्हतं. तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांना खालून धरून प्लेगाचे जंतू वाढतात, आढ्याला लोंबणाऱ्या जळमटांसारखे. भांडं हलवलं की ती जळमटं तळाला बसतात आणि तुपाला नवी लोंबू लागतात. असं काही आठवडे वाढवायचं, मग ६५-७० अंशांवर तासभर तापवून सगळे जंतू मारायचे, आणि टिकावं म्हणून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी हा रस्सा आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतला. ताप आला, अंग दुखलं, माणूस उठला. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली आणि ती लागू पडते हे दिसलं. मग मागणी एवढी वाढली की शतक संपायच्या आत लाखो लोकांनी ती टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

करणं जमलं. ठेवणं राहिलं होतं.

१९०२ साली पंजाबात मोठी मोहीम निघाली. तोवर घाईसाठी पद्धत बदलली होती: रश्शाऐवजी आगरावर जंतू वाढवायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचं नाही. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल नावाच्या खेड्यात १०७ लोकांना लस टोचली. त्यांतले १९ धनुर्वाताने गेले. एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीतले. बाटलीचा नंबर ५३एन. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्या एकालाही काही झालं नाही.

चौकशी बसली. आम्हा बँकवाल्यांना चौकशी म्हणजे काय ते सांगायला नको. दोष प्रयोगशाळेचा ठरवला गेला, हाफकिन पदावरून गेले. वर्षांमागून वर्षं गेली. कागद नीट वाचल्यावर दिसलं ते असं: बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, तो त्याने जंतुनाशकात नुसता खळबळून पुन्हा वापरला, आणि त्याच चिमट्याने बूच ओढलं. शिवाय बाटलीत धनुर्वाताचे जंतू परळलाच शिरले असते तर उघडताना तिला घाण वास आला असता, तसा तो आला नव्हता. १९०७ मध्ये मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं, आणि त्या वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केलं. ते परत आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. १९३० साली ते लोझानला वारले.

चिमटा पडायला किती वेळ लागतो? आमच्या घरी रश्शात उष्टा डाव घातला तर आजी सबंध पातेलं बाजूला काढून ठेवायची. मला तेव्हा तो सोवळेपणा वाटायचा.

हल्ली आमच्या घरी ठेवण्याचं काम सौ.ने हातात घेतलं आहे. मामी गेल्या की ती अळणी गाळते, मोठं पातेलं तसंच ठेवत नाही, पसरट भांड्यांत ओतते. भांडी परातीतल्या गार पाण्यात बसवते, पाणी दोनदा बदलते. मोठ्या पातेल्यातली अळणी मध्ये तासन्‌तास कोमट राहते आणि तो कोमटपणाच जंतूंना हवा असतो. दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये. तिथे तीन-चार दिवस, त्याहून जास्त नाही. वर चरबीचा पिवळा थर थिजतो, तो वापरेपर्यंत मोडायचा नाही. जास्त ठेवायचं तर लहान डब्यांत, वरचा बोटभर भाग रिकामा सोडून फ्रीझरमध्ये, कारण गोठताना ती फुगते. तिथे दोन-तीन महिने निभावतं. काढल्यावर चांगली उकळून घ्यायची आणि एकदा वितळली की परत गोठवायची नाही. प्रत्येक डब्यावर तिने तारखेची चिठ्ठी लावली आहे. आधी आलेला डबा आधी बाहेर जातो. एवढी शिस्त मी आमच्या रेकॉर्ड रूममध्येही पाहिलेली नाही. लाइट गेली की मात्र ती फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी राहते, उघडू देत नाही.

मागच्या श्रावणात माझ्या वडिलांना सर्दी झाली, आणि तीही नेमकी सोमवारी. वडील ब्याऐंशीचे. दुपारी त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बापू, त्या चरकाच्या पुस्तकात मांसरसाला औषध म्हटलंय, असं तू म्हणत होतास ना?" मी हो म्हटलं. आई पलीकडे वाती वळत बसली होती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर वडिलांच्या हातात एक वाफाळता स्टीलचा पेला आला. "काढा आहे," आई म्हणाली. "डोळे मिटून घ्या."

वडिलांनी डोळे मिटले, पेला संपवला, आणि आणखी थोडा काढा आहे का म्हणून विचारलं.